बायकांच्या वर्गातला गवंडी

शांताराम गवंड्याचे हात सडले ते नेमके दिवाळीनंतर, प्लास्टरचा हंगाम तोंडावर आला तेव्हा.

पावसाळाभर बोटांच्या बेचक्यांत खाज होतीच. त्यानं खोबरेल चोळलं, कडुनिंबाचा पाला उकळून त्यात हात बुडवले, एकदा तर कुणीतरी सांगितलं म्हणून रॉकेलही लावलं. कार्तिकात कातडी तडकली. सकाळी थापी मालात घातली की त्याचे डोळे भरून यायचे. तरी बांबूच्या परांचीवरून खाली उतरायचा नाही. खाली माल कालवणारी त्याची बायको सुनंदा घमेलं वर द्यायची आणि भिंतीकडे बघायची. ओल्या गिलाव्यावर लाल ठिपके पडलेले असायचे. तो त्यावरून गिलावा घोटायचा लाकडी रंधा फिरवायचा आणि काही झालंच नाही असं तोंड करायचा.

"उतरा खाली," ती म्हणायची.

"खोली सोडू अर्धी? माल वाया जाईल."

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरनं हात उलटसुलट बघितले. सिमेंट सोसत नाही, म्हणाला. मलम लिहून दिलं आणि यापुढे सिमेंटला शिवायचं नाही असं बजावलं. "नाय शिवायचं म्हंजे किती दिवस?" शांतारामनं विचारलं. डॉक्टर म्हणाला, "कायमचं." आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

फुलपाड्याच्या मागच्या अंगाला, चारी बाजूंनी बिल्डिंगी उठलेल्या जुन्या गावठाणात त्यांचं कौलारू घर. घरात ही दोघं आणि शांतारामची आई. मूल झालं नव्हतं आणि त्याचं दुःख आता जुनं झालं होतं. भातशेतीचा एक तुकडा होता, तो वर्षाचं खाणं द्यायचा. बाकी सगळं या जोडीच्या कामावर. जोडी म्हणजे जोडीच. नाक्यावर ठेकेदार शांतारामला एकट्याला बोलवत नसत, "जोडी घेऊन ये" म्हणत. तो वर, ती खाली. सबंध दिवस दोघांत बोलणं किती, तर "माल" आणि "पानी". पण सुनंदाला कुणी विचारलं असतं की तुझा नवरा तुझा किती, तर तिनं परांचीच दाखवली असती. तिथं तिच्याशिवाय त्याचं पान हलत नव्हतं. आता तीच जागा जाणार होती.

शेवटचं काम वसईतल्या जुलियाना मॅडमच्या वाडीतलं होतं. मॅडम वयानं पन्नाशीच्या पुढच्या, तुळिंजच्या एका व्यवसाय शिक्षण कॉलेजात ब्युटीचा वर्ग चालवायच्या. केळीच्या बागेकडची भिंत शांतारामनं हाताला फडकी गुंडाळून पुरी केली. मॅडमनी आधी भिंतीवरून तळवा फिरवला आणि मग त्याचे हात मागितले.

"फडकं सोड. बघू दे."

त्यानं लाजत सोडलं.

"देवा," मॅडम हळूच म्हणाल्या. "आणि या हातांनी एवढं गुळगुळीत काढलंस? आमच्याकडे ये. जानेवारीत नवीन वर्ग सुरू होतोय, एक जागा शिल्लक आहे."

"गवंड्याच्या वर्गात?"

"सिमेंट बंद ना तुला? माझ्या वर्गात. केस, त्वचा, सगळं. हलका हात शिकवून येत नाही रे, तो तुझ्याकडे आहे."

सुनंदा घमेलं धूत होती. ती खो खो हसली. शांताराम पण हसला. पण तो मध्येच हसायचा थांबला आणि आपल्या हातांकडे बघत राहिला. ते बघितल्यावर सुनंदाचंही हसू गेलं.

घरी म्हातारीनं आकाशपाताळ एक केलं. "बायांची डोकी धुनार? आपल्या घरात?" शांताराम म्हणाला, पुरुषांचे केस कापायला शिकेन, छोटं दुकान टाकेन, काय वाईट आहे? सुनंदा गप्प भाकरी थापत होती. तिनं एकच विचारलं, "वर्गात बापे किती?"

"मी."

"आनि बाया?"

"बाकीच्या."

दुसऱ्या दिवशी सुनंदा आपण होऊन जुलियाना मॅडमकडे गेली. त्याच कॉलेजात बांधकामाचाही वर्ग होता आणि बिगारी बायकांना गवंडीकाम शिकवायची काहीतरी योजना त्यात आली होती. "माझं पन नाव घाला," ती म्हणाली. मॅडमना भारी कौतुक वाटलं, ही शिकायला आली म्हणून. कसली शिकते. ती नवऱ्यावर डोळा ठेवायला निघाली होती.

कॉलेज म्हणजे एक लांब इमारत आणि तिच्या पाठीमागे पत्र्याची शेड. इमारतीत ब्युटीचा वर्ग, शेडमध्ये बांधकामाचा. मध्ये वाळूचे ढीग आणि एक मोठी खिडकी. सुधाकर सर बांधकाम शिकवायचे. ते घाटावरचे, बारीक अंगाचे, बोलण्यात तिरकस. त्यांच्याकडे भिंती बांधायच्या त्या चिखलात आणि चुन्यात. सिमेंटात बांधली तर तोडायची कशी? कारण सकाळी भिंत उभी करायची, सरांनी ओळंबा लावून सरळ आहे का बघायची आणि संध्याकाळी आपल्याच हातानं उतरवून विटा खरवडून पुन्हा रचायच्या. पहिल्या आठवड्यात बायका हळहळायच्या. मग सवय झाली.

सुनंदाला विटा, माल, सूत यांत नवीन काहीच नव्हतं. सगळं डोळ्यांखालून गेलेलं. तरी तिचीच भिंत रोज वाकडी निघायची. कारण साधं होतं. ती वीट ठेवायची इकडे आणि बघायची खिडकीत. खिडकी डाव्या हाताला होती, म्हणून भिंत डावीकडे कलायची.

सरांनी एकदा ओळंबा सोडला. तो भिंतीपासून चांगला वीतभर लांब लोंबायला लागला.

"सुनंदाबाई, ही भिंत कुणाला बघायला वाकलीय?"

सगळ्या बायका खाली माना घालून हसल्या. त्यांना ठाऊक होतं. सुनंदाचं तोंड तापलं. तिनं भिंत लाथेनंच पाडली आणि नंतर विटा गोळा करताना पायाचा अंगठा चोळत बसली.

आणि खिडकीत काय दिसायचं? शांताराम दिसायचा. इस्त्रीचा पांढरा कोट घातलेला, केस नीट विंचरलेले. आजूबाजूला पोरी. त्या त्याला काका म्हणायच्या, पण म्हणेनात का. सुनंदाला त्यानं काही फरक पडत नव्हता. त्यांतली एक अश्लेषा, विरारच्या फ्लॅटमधली, बाप मंत्रालयात नोकरीला. बोलायला गोड. आणि केस कमरेच्या खाली. असे केस सुनंदानं देवीच्या मूर्तीला पण बघितले नव्हते. ती चालायला लागली की सगळी वेणी हलायची. सुनंदा विटेवर विटेची कड आपटायची आणि मनात म्हणायची, कधी या वेणीला कात्री लागते बघू.

फेब्रुवारीत हातांचे धडे सुरू झाले. हात भिजवायचे, मेलेली कातडी काढायची, नखं घासायची, मलम जिरवायचं. पोरींचे सगळ्यांचे हात मऊ, त्यावर काय शिकणार? मॅडमनी शांतारामला मध्ये बसवलं. असा हात पुन्हा मिळणार नाही, म्हणाल्या. त्या दिवशी सुनंदा पाणी आणायच्या निमित्तानं खिडकीपाशी गेली आणि तिथंच खिळली. अश्लेषाच्या मांडीवर टॉवेल, टॉवेलवर शांतारामचा हात. ती पोर खाली वाकून, जीभ दातांत धरून, एकेका भेगेतलं काहीतरी बारीक ब्रशानं काढत होती. दुसऱ्या हाताला दुसरी पोर. आणि हा? डोळे मिटून बसलेला. पूजेला बसल्यासारखा.

सुनंदाच्या हातात वीट होती. ती टाकावीशी वाटली हे खोटं नाही. पण त्याहून जास्त तिला लागलं ते वेगळंच. घरी ती खोबरेल घेऊन बसायची तेव्हा हाच माणूस हात झटकायचा, "राहू दे गं, झोंबतंय" म्हणायचा. तिची बोटं खरबरीत, तेल लावताना त्याच्या भेगा उघडायच्या. ते तिला आत्ता समजलं. समजलं म्हणून जळायचं थांबलं नाही.

होळीपर्यंत त्याचे हात बरे झाले. आतून गुलाबी, बोटांच्या बेचक्या स्वच्छ. म्हातारी सुद्धा जेवता जेवता बघायची. "मास्तरासारखे झाले हो हात," एकदा म्हणाली. मग स्वतःचा पाय पुढे करून, "माझ्या टाचा बघ जरा," म्हणाली. आकाशपाताळ एक करणारी म्हातारी ती हीच. शांतारामनं कोमट पाण्याची परात आणली आणि आईचे पाय धुऊन टाचा घासून दिल्या. म्हातारीला बसल्या बसल्या झोप लागली.

सुनंदा चुलीपुढे होती. माझ्याही टाचा बघा असं तिनं म्हटलं नाही. त्यानं आपणहून विचारायला हवं होतं. त्यानं विचारलं असतं तरी ती नको म्हणाली असती, हेही खरं.

"थापी अशी नाय धरायची," तिची हत्यारं बघून तो कधी कधी म्हणायचा. त्याचीच जुनी थापी ती वापरत होती. "अंगठा वर. मनगट मोकळं. दे, दाखवतो."

"तुमी हात लावू नका. डॉक्टर काय बोललाय?"

मग तो हात मागे घ्यायचा. थापीकडे बघताना त्याचं तोंड उतरायचं आणि तेवढ्यापुरतं सुनंदाला बरं वाटायचं. तिला एकटीलाच का जळायला लागावं?

नाक्यावरून दोघं कॉलेजला जायची तेव्हा जुने सोबती टपून असायचे. "शांत्या, माझ्या बायकोच्या भुवया करतोस का?" एकजण ओरडला. शांताराम चालता चालता म्हणाला, "आन तिला. हात धुऊन आन फक्त." सगळे हसले, तोही हसला. सुनंदाला वाटलं, हा अपमान गिळायला कधी शिकला? आणि पुढच्याच पावलाला मनात आलं, खरंच आणली तर हा करेल भुवया. त्या बाईची हनुवटी धरून, डोळ्यांजवळ तोंड नेऊन. त्या दिवशी तिची भिंत इतकी वाकली की सरांनी ओळंबासुद्धा लावला नाही.

मे महिन्यात परीक्षा लागली. बांधकामवाल्यांची सकाळी, ब्युटीवाल्यांची दोन तुकड्यांत. बाहेरून परीक्षक बाई येणार होत्या आणि प्रत्येकानं केसांच्या कामासाठी एक मॉडेल आणायची होती. शनिवारी अश्लेषा शेडमध्ये आली, सुनंदाच्या शेजारी विटांवर बसली.

"काकू, माझी एक्झाम सकाळी आहे. दुपारी मी काकांची मॉडेल. टेन्शन नका घेऊ, मी त्यांना फुल मार्क्स मिळवून देते."

"तुला कोनी सांगितलं?"

"काकांनीच विचारलं. का? तुम्हाला नव्हतं सांगितलं?"

सुनंदानं विटेवरचा चुना नखानं खरवडला. "सांगितलं की," म्हणाली.

रविवारी राब भाजायचा होता. भाताची रोपं ज्या तुकड्यावर करायची तिथं शेण, वाळक्या पाल्याचा पातेरा, फांद्या पसरून त्यावर माती टाकायची आणि पेटवून द्यायचं. ऊन नुसतं ओतत होतं, वारा पडलेला. शांताराम शेण पसरायला रबरी मोजे घालून आला. बांधावरून जाणारी एक म्हातारी थांबून बघत राहिली आणि तोंडाला पदर लावून गेली. तो पसरत राहिला. सुनंदा पातेऱ्याचे भारे डोक्यावरून आणत होती.

तिसरा भारा टाकून तिनं विचारलं, "परीक्षेला मी का नाय?"

त्यानं मान वर केली नाही. "त्या दिवशी तुझी पन परीक्षा हाय."

"सकाळी हाय. तुमची दुपारी."

"तू दमशील."

"मी? मी दमेन?" ती हसली, पण ते हसणं नव्हतं. "सरळ बोला ना. त्या पोरीचे केस लांब हायत. माझी लाज वाटते."

"तसं नाय."

"मंग कसं हाय?"

 त्यानं काडी ओढली. पातेरा धडधडून पेटला आणि दोघं दोन बाजूंना धुरात उभी राहिली. त्याला सांगता येत नव्हतं आणि तिला थांबता येत नव्हतं.

आता तिच्या केसांचं सांगायला पाहिजे. डोक्याच्या मध्यावर, घमेल्याखालची चुंबळ जिथं बसते तिथं, सुनंदाला केस नव्हते. लग्न होऊन आल्यापासून ओल्या मालाची घमेली त्या जागेवर बसली होती आणि तिथले केस आधी पातळ झाले, मग गेलेच. तळव्याच्या खळग्याएवढी गुळगुळीत जागा. ती बाजूचे केस त्यावरून ओढून घट्ट अंबाडा घालायची, चिमटे लावायची आणि वरून फडकं बांधायची. झोपताना सुद्धा सोडायची नाही. नहायची ती दार लावून. शांतारामला हे ठाऊक नाही अशी तिची खात्री होती. बाईनं नवऱ्यापासून काय काय लपवावं, तर तिनं आपलं डोकं लपवलं होतं.

ती लाज होतीच. त्या खुर्चीत बसायचं म्हणजे फडकं सोडायचं, हे तिला कळत नव्हतं का? चांगलं कळत होतं. पण अश्लेषा त्या खुर्चीत मान मागे टाकून डोळे मिटून बसलीय आणि हा तिच्यावर वाकलाय, हे चित्र डोळ्यांपुढे आलं की लाज मागे पडायची. दोन रात्री तिनं तेच चित्र बघितलं.

परीक्षेच्या सकाळी तिनं भिंत बांधली. खिडकीला सरांनी पडदा लावला होता की काय देव जाणे, पण तिनं एकदाही तिकडे बघितलं नाही. सरांनी ओळंबा सोडला. तो भिंतीला चिकटून उभा राहिला. "अरे वा," सर म्हणाले. तिनं ऐकलं की नाही कोण जाणे. दुपार झाली तशी हाताचा चिखलसुद्धा न धुता ती वाळूचे ढीग ओलांडून इमारतीत शिरली.

आत एसी होता, वास होता, आरशांची रांग होती. प्रत्येक आरशापुढे खुर्ची आणि खुर्चीमागे पांढऱ्या कोटातली एक पोर. तिसऱ्या खुर्चीमागे शांताराम. अश्लेषा वेणी सोडत खुर्चीकडे येत होती. सुनंदा तिच्या आधी पोचली आणि धपकन बसली. आरशात तिला आपलं तोंड दिसलं, गालावर चुन्याचा फराटा.

जुलियाना मॅडम पुढे आल्या. "सुनंदा, काय झालं?"

"मी हाय यांची मॉडेल."

अश्लेषा दोन पावलं मागे सरली. "बसा ना काकू. छान झालं." तिच्या बोलण्यात खोट काढावी म्हटलं तरी सुनंदाला सापडली नाही, आणि त्यानं ती अजून चिडली.

शांताराम वाकून तिच्या कानाशी म्हणाला, "ऊठ. अजून येळ हाय. ऐक माझं."

"नाय उठत."

"सुनंदा, पाया पडतो तुझ्या."

तो लाजेनं मरतोय असं तिला वाटलं, म्हणून तिनं खुर्चीचे हात घट्ट धरले. एवढ्यात परीक्षक बाई आल्या. चष्मा, हातात पॅड, आवाज कोरडा. सुरुवात करा, म्हणाल्या.

त्यानं टॉवेल गळ्याशी लावला. फडकं सोडलं. एकेक चिमटा काढून पुढ्यात ठेवला. मग कंगवा घेतला आणि भांग काढला तो डाव्या कानाच्या वर, पार कडेला. केसांचा पट्टा बरोबर त्या जागेवरून नेऊन पलीकडे बसवला. बोटं कुठं चाचपडली नाहीत. अंधारात घरातला खांब चुकवून जावं तशी ती त्या जागेला वळसा घालून गेली.

सुनंदानं आरशात त्याच्याकडे बघितलं. म्हणजे याला ठाऊक होतं. कधीपासून? तो खाली बघत होता. म्हणजे रविवारी धुरात तो जे बोलला नाही, ते हे होतं. इतक्या बायकांपुढे हिचं डोकं उघडं पडू नये म्हणून यानं त्या पोरीचं डोकं मागितलं होतं, आणि ही चिखलाच्या हातांनी धावत येऊन बसली होती.

"मधून भांग काढा," परीक्षक बाई म्हणाल्या. "आधी टाळू तपासायची, काय स्थिती आहे ते मोठ्यानं सांगायचं. विसरलात का?"

"कडेनं चालेल का, मॅडम?"

"नाही चालणार. मार्क जातील."

"जाऊ द्या," शांताराम म्हणाला.

जुलियाना मॅडमनी डोळे मिटले. पाच महिन्यांत त्यांनी या माणसाला सगळ्यांत पुढे नेलं होतं. बाजूच्या खुर्च्यांवरची कामं थांबली. परीक्षक बाईंनी पॅडवर पेन टेकवलं.

सुनंदाच्या मनात सगळं एकदम आलं. उठून पळावं. याला नापास होऊ द्यावं, मग येईल घरी. जळो ते कॉलेज. पण तिच्या डोक्यावर त्याचा हात होता आणि तो ती जागा झाकून होता. सिमेंटनं हात फुटले तरी खोली अर्धी न सोडणारा हा माणूस तिच्यासाठी परीक्षा अर्धी सोडायला निघाला होता.

"काढा मधून," ती म्हणाली. "बघू दे त्यांना."

"सुनंदा..."

"काढा म्हनते ना."

त्यानं भांग काढला. केस दोन्हीकडे झाले. आरशातून सगळ्यांना दिसलं. एक पोर मागे कुजबुजली आणि अश्लेषानं तिला कोपरानं ढोसलं.

"हे कशानं?" परीक्षक बाईंचा आवाज आता तेवढा कोरडा नव्हता. "आजार आहे काही?"

शांतारामनं कंगवा खाली ठेवला. वर्गात शिकवलं होतं तसं तो सरळ उभा राहिला. "आजार नाय. ओझ्यानं झालंय. मी गवंडी होतो. माझा सगळा माल हिनं ह्या जागेवरून वाहिला." जरा थांबून म्हणाला, "कातडी निरोगी हाय. इथं केस परत येतील की नाय ते सांगता येत नाय. वजन बंद झालं पाहिजे."

बाईंनी लिहिलं. "पुढे चला," म्हणाल्या.

त्यानं तिला धुण्याच्या खुर्चीवर नेलं. मान मागे टेकवली, मानेखाली टॉवेलची घडी सरकवली. पाणी आधी आपल्या मनगटावर घेऊन बघितलं. "जास्त गरम नाही ना, मॅडम?" त्यानं विचारलं. गिऱ्हाईकाला असंच विचारायचं असतं, त्याचे मार्क असतात. सुनंदाला हसावं की रडावं कळेना. लग्नानंतर त्यानं तिला पाण्याचं विचारलं ते आज.

"बरं हाय," ती म्हणाली.

मग त्याची बोटं तिच्या डोक्यावर फिरायला लागली. कानामागून वर, कपाळापासून मागे, हळूहळू, कुठंही घाई नाही. त्या मोकळ्या जागेवर आली तेव्हा थांबली नाहीत, चुकवूनही गेली नाहीत. फक्त अजून हलकी झाली. सुनंदाच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते फेसात मिसळून गेलं. ते पाणी सगळं सुखाचं होतं असं नाही. हा हात इतका हलका आहे हे तिला कधी कळलं? सगळ्यांच्या शेवटी. जानेवारीपासून या बोटांखाली कितीजणींची डोकी गेली असतील, कितीजणींनी असे डोळे मिटले असतील. त्यांच्यावर शिकून शिकून हा इथवर आला आणि मग तिचा नंबर लागला. तिच्या भिंती रोज संध्याकाळी पाडल्या जायच्या. याचं शिकलेलं कोण पाडणार? त्या सगळ्याजणींना ते मिळून गेलं होतं.

"त्या पोरींची पन अशीच धुता?" तिनं डोळे न उघडता विचारलं, अगदी हळू.

"शिकायला लागतं," तो तितक्याच हळू म्हणाला. "तुझं एकदम कसं धुनार? दुखवलं असतं तर?"

 तिचा राग गेला नव्हता, पण त्याला धरून ठेवायला जोर लागत होता.

त्यानं केस पुसले, वाळवले, खालच्या बाजूनं सैल गुंडाळून मानेवर अंबाडा घातला. मध्यावरची जागा झाकली गेली. ओढून ताणून नाही, आपसूक. पुढ्यातल्या चिमट्यांतले दोनच लागले. तिला डोकं एकदम हलकं वाटलं. गालावरचा चुनाही त्यानं ओल्या कापसानं पुसला. आरशात जी बाई होती तिला सुनंदा नीटशी ओळखत नव्हती.

परीक्षक बाई परत आल्या. अंबाडा बोटानं दाबून बघितला, मागून बघितलं. मग त्या शांतारामला सोडून सुनंदाकडे वळल्या. शेवटचा प्रश्न मॉडेलला असतो, म्हणाल्या. त्याचेही मार्क आहेत.

"यांच्या कामावर तुम्ही खूश आहात का? यांनी दुकान टाकलं तर पुन्हा यांच्याकडे याल का?"

 जुलियाना मॅडमनी गळ्यातल्या क्रॉसला हात लावला.

सुनंदापुढे ते दुकान उभं राहिलं. फुलपाड्याच्या नाक्यावर, काचेचं दार, आत खुर्च्या. खुर्च्यांवर बाया, माना मागे टाकलेल्या, डोळे मिटलेले. नाक्यावरच्या त्या गवंड्याची बायको, अश्लेषा, अश्लेषाची आई, बिल्डिंगींतल्या सगळ्या. "नाय" म्हटलं तर हे सगळं इथंच बुडणार होतं आणि हा माणूस तिच्यासोबत घरी येणार होता, रिकाम्या हातांनी. तिनं आरशात त्याच्याकडे बघितलं. पांढरा कोट, ओल्या बाह्या. परांचीवरून खाली वाकून माल मागायचा तेव्हा तो असाच तिच्या तोंडाकडे बघत राहायचा, ती देईपर्यंत.

"येईन," ती म्हणाली. परीक्षक बाईंनी लिहायला घेतलं तशी तिनं त्यांचं पॅड चिखलाच्या बोटानं अडवलं. "पन मी नंबर लावून बसनार नाय."